स्कोअर विसरा, सेंटरकडे बघा

ऑगस्ट लागला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर ठरलेला असतो: नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारा कोच) आलाय, नवा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) आलाय, यंदा तरी काही घडेल का? एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या निरनिराळ्या टीम्सच्या चाहत्यांनी हे प्रश्न पाठवले आहेत. टीम्सची नावं आम्ही गाळली आहेत, कारण उत्तरं बहुतेकांना सारखीच लागू पडतात.

प्रश्न: प्रीसीझनचे, म्हणजे सीझनआधीच्या सरावाचे, पहिले दोन्ही सामने आम्ही जिंकलो. नव्या क्वार्टरबॅकनं पहिल्याच सीरिजमध्ये (बॉल आपल्याकडे असतानाच्या सलग खेळात) टचडाउन काढलं. नऊ-दहा विजयांची आशा धरायला हरकत नाही ना?

आशा जरूर धरा, फक्त या दोन सामन्यांच्या भरवशावर नको. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सनं प्रीसीझनचे चारही सामने जिंकले आणि मग सीझनमधले सोळाच्या सोळा हरले. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सनं त्याचीच नक्कल केली: आधी ४-०, मग ०-१६. उलट उदाहरणही आहे. ह्यूस्टन टेक्सन्सच्या सी. जे. स्ट्राउडनं २०२३ च्या पहिल्या प्रीसीझन सामन्यात चार पास टाकले. त्यातले दोन पोचले, तेरा यार्ड मिळाले आणि एक इंटरसेप्शन झालं, म्हणजे पास डिफेन्सनं पकडला. त्याच सीझनमध्ये त्यानं ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन आणि फक्त ५ इंटरसेप्शन अशी कामगिरी करून ‘ऑफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर’चा (आक्रमणातल्या सर्वोत्तम नवोदिताचा) मान मिळवला.

असं का होतं ते एकदा लक्षात आलं की स्कोअरचा मोह आपोआप सुटतो. प्रीसीझनमध्ये समोरचा डिफेन्स आपले पत्ते झाकून ठेवतो. दोन-तीन साध्या कव्हरेजेस (पास पकडणाऱ्या रिसीव्हरना राखायच्या रचना), चार जणांचा पास रश (क्वार्टरबॅकवरची चाल), एखाददुसरा ब्लिट्झ (जादा माणसांची चाल), बस. स्नॅपआधी (सेंटर बॉल मागे देतो तो स्नॅप) एक कव्हरेज दाखवायचं आणि स्नॅपनंतर दुसऱ्याच कव्हरेजमध्ये सरकायचं, हा खेळ तिथे जवळजवळ नसतोच. आणि नव्या क्वार्टरबॅकला सप्टेंबरात नेमकं तेच झेपत नाही. शिवाय कॅम्पमध्ये ९० खेळाडू असतात, त्यातले ५३ ठेवायचे असतात. त्यामुळे दुसऱ्या क्वार्टरपासून मैदानावर जे दिसतात, त्यातल्या अनेकांची नावं सप्टेंबरच्या यादीत नसतात. तुमच्या क्वार्टरबॅकनं ज्या कॉर्नरबॅकवर (रिसीव्हरला राखणाऱ्या डिफेंडरवर) टचडाउन काढलं तो त्या टीमचा पहिल्या फळीचा होता का, एवढं एकदा तपासा. बहुतेक वेळा उत्साह तिथेच निम्मा होतो.

प्रश्न: मग प्रीसीझनमध्ये बघायचं तरी काय? टचडाउन बघू नका म्हटल्यावर उरतं काय?

बरंच उरतं, पण ते बॉलपासून लांब असतं.

सुरुवात घड्याळापासून करा. आधीचा प्ले संपला की प्ले क्लॉक ४० सेकंदांवरून उतरायला लागतं. कोऑर्डिनेटरचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये (ज्याच्या मागे हिरवा ठिपका असतो) पोचतो तो घड्याळात १५ सेकंद उरेपर्यंतच. त्यानंतर रेडिओ बंद, पुढचं सगळं त्याच्या डोक्यावर. म्हणजे पहिल्या २५ सेकंदांत खेळाडू बदलायचे, कॉल ऐकायचा, हडलमध्ये (प्लेआधीच्या घोळक्यात) तो न चुकता म्हणायचा आणि लाइनकडे निघायचं. जो ऑफेन्स नीट बसलाय तो १५-१६ सेकंद शिल्लक असताना लाइनवर उभा असतो. मग डिफेन्स वाचायला, मोशन करायला (स्नॅपआधी एखाद्याला आडवं पळवायला), गरज पडली तर प्ले बदलायला वेळ मिळतो. दर वेळी दोन-एक सेकंद राहिले असताना स्नॅप होत असेल तर कुठेतरी अडकलंय: कॉल उशिरा येतोय, क्वार्टरबॅकला तो पुन्हा म्हणायला जड जातोय, किंवा रिसीव्हरना उभं कुठे राहायचं हेच उमजत नाहीये. याची किंमत फक्त डिले ऑफ गेमच्या पाच यार्डांची नाही. घड्याळ शून्यावर आलंय हे कडेच्या पास रशरलाही दिसत असतं. स्नॅप आता होणारच हे ठाऊक असल्यामुळे तो त्याला अडवणाऱ्या, लाइनच्या टोकाच्या टॅकलच्या आधी उठतो.

दुसरं, झेंडे, म्हणजे पंचांनी दाखवलेल्या चुका. पण सगळे नाहीत, फक्त स्नॅपआधीचे आणि फक्त पहिल्या फळीचे. फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच हलणं), इल्लीगल फॉर्मेशन (लाइनवर सात जण नसणं), इल्लीगल शिफ्ट (जागा बदलल्यावर सगळ्यांनी एक सेकंद स्थिर उभं न राहणं), इल्लीगल मोशन (स्नॅप होताना पुढे सरकणं). प्रत्येकी पाच यार्ड. हल्लीच्या बहुतेक नव्या ऑफेन्समध्ये मोशन भरपूर असते, त्यामुळे पहिल्या सामन्यात अशा दोन-तीन चुका झाल्या तर आम्ही कपाळाला आठ्या घालणार नाही. तिसऱ्या सामन्यातही तेवढ्याच होत असतील तर सीझनचा पहिला महिना अवघड जाणार.

तिसरं आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेंटर, लाइनच्या मधोमध उभा राहून बॉल मागे देणारा. स्नॅपआधी तो किंवा क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरकडे (डिफेन्सच्या दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूकडे) बोट दाखवून ‘माइक’ ठरवतो. तो लाइनबॅकर खरोखर मधला आहे की नाही याला महत्त्व नाही. पाच जणांच्या लाइननं मोजणी कुठून सुरू करायची, कोणत्या बाजूला सरकायचं आणि रनिंग बॅकनं (एरवी बॉल घेऊन धावणाऱ्यानं) कोणाला अडवायचं, हे सगळं त्या एका बोटावर ठरतं. मोजणी चुकली की एक पास रशर कुणाचाही हात न लागता मोकळा येतो. टीव्हीवर ते सेंटरशेजारच्या गार्डचं अपयश वाटतं, प्रत्यक्षात चूक स्नॅपच्या आधीच झालेली असते. क्वार्टरबॅक पुढे येऊन बोट बदलतोय आणि सेंटर मान हलवून ते पुढे पोचवतोय, असं पहिल्या दोन-तीन सीरिजमध्ये दिसलं तर ते एखाद्या लांब पासपेक्षा मोठं शुभलक्षण समजा.

हे उगाच म्हणत नाही. अचानक फुललेल्या ऑफेन्सची अलीकडची उदाहरणं काढून बघा. लॉस एंजेलिस रॅम्स २०१६ मध्ये २२४ पॉइंट्सवर, म्हणजे लीगमध्ये तळाला होते. २०१७ मध्ये ४७८, म्हणजे अव्वल. सगळं श्रेय शॉन मॅक्व्हे या नव्या हेड कोचला आणि दुसऱ्या वर्षातल्या जॅरेड गॉफला मिळालं, पण त्याच उन्हाळ्यात सेंटर जॉन सलिव्हन आणि लेफ्ट टॅकल अँड्र्यू व्हिटवर्थ हे दोघे अनुभवी खेळाडू बाहेरून आणले होते. अटलांटा फाल्कन्सनं २०१६ मध्ये अॅलेक्स मॅकला आणलं, वॉशिंग्टननं २०२४ मध्ये टायलर बियाडिशला. दोघेही सेंटर, दोन्ही वर्षी ऑफेन्सनं उडी घेतली. सेंटर बदलला की सगळं सुधारतं असा नियम नाही. पण कॅम्पमध्ये पहिला सेंटर जायबंदी झाल्याची बातमी आली, तर एखादा रिसीव्हर गमावल्यापेक्षा ती जास्त गंभीरपणे घ्या.

शेवटी फोनवरचं स्टॉपवॉच. स्नॅपला सुरू करा, बॉल हातातून सुटला की थांबवा. तीन पावलांचा झटपट पास १.८ सेकंदांच्या आत सुटायला हवा. पाच पावलं आणि एक छोटी उडी, अशा पासला अडीच ते पावणेतीन सेकंद. प्ले-अॅक्शनवरच्या (धावण्याची हूल देऊन टाकलेल्या) लांब पासला तीनच्या पुढे गेले तरी चालतात. लीगची सरासरी पावणेतीनच्या आसपास असते. पण सरासरी काढत बसू नका, झटपट पासच तेवढे वेगळे मोजा. तिथे सव्वादोन-अडीच सेकंद लागत असतील तर क्वार्टरबॅक रिसीव्हर ‘उघडा’ दिसायची वाट बघतोय. या लीगमध्ये रिसीव्हर वळायच्या आधी बॉल निघावा लागतो.

आणि कॅम्पमधले व्हिडिओ? सात विरुद्ध सातच्या सरावात लाइनच नसते, पास रशही नसतो. अकरा विरुद्ध अकरातसुद्धा क्वार्टरबॅकला हात लावायची परवानगी नसते. खऱ्या सामन्यात जिथे सॅक झाला असता (बॉलसह पाडला गेला असता) तिथे तो आरामात पन्नास यार्डांचा पास टाकतो आणि संध्याकाळी ती क्लिप सगळीकडे फिरते.

प्रश्न: आमचा नवा कोऑर्डिनेटर शॅनहन घराण्यातला, म्हणजे माइक आणि काइल शॅनहन या बापलेक कोचांच्या परंपरेतला आहे. वाइड झोन आणणार म्हणे. आमची लाइन मात्र धिप्पाड आणि संथ आहे. जमेल का?

पहिल्या वर्षी अर्धवट जमेल, पण अर्धवट वाइड झोन म्हणजे दुसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या दुसऱ्या प्रयत्नाला, बारा यार्ड बाकी.

या पद्धतीत पाचही लाइनमन समोर न घुसता एकाच बाजूला, जवळजवळ आडवे धावतात. प्रत्येकाला आपल्या समोरच्याच्या बाहेरच्या खांद्यापर्यंत पोचायचं असतं. पोचता आलं नाही तर ज्या दिशेला तो चाललाय तिकडेच त्याला ढकलत न्यायचं. रनिंग बॅक टाइट एंडच्या (लाइनच्या टोकाशी उभ्या रिसीव्हरच्या) जागेच्या रोखानं धावतो आणि डिफेन्स कसा सरकतोय ते बघून तीनपैकी एक करतो: सरळ घुसतो, मागे कापतो किंवा बाहेरून वळसा घालतो. कापायचं एकदाच. जो बॅक दोनदा नाचतो तो इथे टिकत नाही.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा मागच्या बाजूला. प्ले उजवीकडे चालला असेल तर डाव्या गार्डला आणि टॅकलला समोरच्याला गाठायला सगळ्यात जास्त अंतर कापावं लागतं. ते अर्धं पाऊल मागे राहिले की डिफेन्सिव्ह टॅकल त्या फटीतून घुसतो आणि बॅकला बॉल मिळता मिळताच पाडतो. म्हणून माइक शॅनहन आणि लाइन कोच अॅलेक्स गिब्स यांनी डेन्व्हरमध्ये हलके, चपळ लाइनमन निवडले. त्याचा परिणाम असा की टेरेल डेव्हिसनं १९९८ मध्ये २,००८ यार्ड काढले, तो जखमी झाल्यावर १९९९ मध्ये ओलँडिस गॅरीनं आणि २००० मध्ये माइक अँडरसननंही हजाराची वेस ओलांडली. बॅक बदलत गेले, यार्ड येत राहिले.

याचा दुसरा भाग बूटलेग. वाइड झोन हुबेहूब दाखवायचा, बॉल मात्र क्वार्टरबॅकनं लपवून उलट्या बाजूला पळायचं. त्या बाजूचा डिफेन्सिव्ह एंड मुद्दाम कुणी अडवत नाही, तो फशी पडेल हा हिशोब. तीन रिसीव्हर तीन उंचींवर पळतात: एक पाच यार्डांच्या आत, एक बारा-पंधरावर मैदान आडवं कापत, एक खोल. पण धावण्याची खरी भीती बसली नसेल तर तो एंड फसत नाही, आणि क्वार्टरबॅक वळतो तो थेट त्याच्या मिठीत. म्हणजे रन चालला नाही तर पासही मोडतो. हे एकच यंत्र आहे, दोन नव्हेत.

तुमच्या टीमबाबत दोन गोष्टी तपासा. उन्हाळ्यात निदान एक गार्ड किंवा सेंटर बदललाय का? आणि रिसीव्हर ब्लॉक करतात का? या ऑफेन्समध्ये रिसीव्हर लाइनच्या जवळ उभे केले जातात ते सेफ्टीला (सगळ्यात मागच्या डिफेंडरला) अडवण्यासाठी. तिसऱ्या क्रमांकाच्या रिसीव्हरची निवड कित्येकदा यावरच होते, मग त्याचे हात थोडे कच्चे का असेनात. दोन्हीची उत्तरं ‘नाही’ असतील तर शहाणा कोऑर्डिनेटर पहिल्या वर्षी जुने सरळ घुसायचे प्लेज निम्मे तरी ठेवतो. तसं दिसलं तर त्याला भित्रा म्हणू नका.

प्रश्न: आमचा क्वार्टरबॅक सारखा मनगटावरची पट्टी वाचतो. प्लेबुक पाठ झालं नाही असंच ना?

नाही. प्ले कोणत्या भाषेत सांगतात यावर ते अवलंबून आहे. बिल वॉल्शच्या वेस्ट कोस्ट पद्धतीत फॉर्मेशन, मोशन, प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकला जपायची रचना) आणि एकेकाचा रूट (रिसीव्हरची पळायची वाट), सगळं कॉलमध्ये बोललं जातं. दहा-बारा शब्द सहज होतात. डॉन कोर्येलच्या पद्धतीत रूट्सना आकडे आहेत. प्रचलित मांडणीत विषम आकडे बाहेर वळणारे, सम आत वळणारे: २ म्हणजे स्लँट, ५ म्हणजे आउट, ८ म्हणजे पोस्ट, ९ म्हणजे सरळ. एअरहार्ट-पर्किन्समध्ये, जी पेट्रियट्सनं वर्षानुवर्षं वापरली, एका शब्दात अख्खी रचना येते आणि कोण कुठे उभा आहे त्यावरून ज्यानं त्यानं आपला रूट ओळखायचा.

लांबलचक कॉलच्या पद्धतीत पट्टीवर प्लेज क्रमांकानं छापलेले असतात. कोऑर्डिनेटर नुसता ‘सतरा’ म्हणतो, क्वार्टरबॅक ते वाचून हडलमध्ये सांगतो. वेळ वाचतो. काळजी करायची ती वाचून झाल्यावरही रिसीव्हर एकमेकांकडे बघत असतील तर.

प्रश्न: बाहेरून अनुभवी क्वार्टरबॅक आणला की लगेच फरक दिसायला नको का? की त्यालाही वर्ष द्यायचं? आणि नवशिक्याला किती?

अनुभवी असेल तर सहा ते आठ आठवडे. पेटन मॅनिंग २०१२ मध्ये डेन्व्हरला गेला तेव्हा टीमची सुरुवात २-३ अशी झाली, मग सलग अकरा विजय, शेवट १३-३. टॉम ब्रेडी २०२० मध्ये टॅम्पा बेला आला त्या वर्षी साथीमुळे प्रीसीझन झालाच नव्हता. बारा सामन्यांनंतर टीम ७-५ वर होती. त्यानंतर सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) धरून एकही सामना हरली नाही. या दोघांनाही वेळ लागला तर तुमच्या क्वार्टरबॅकलाही लागणार.

वेळ कशात जातो? प्लेबुक पाठ करण्यात नाही. अनेक रूट्स ‘ऑप्शन’ असतात: कॉर्नरबॅक चिकटून असेल तर सरळ पळ, मागे सरकत असेल तर थांबून वळ. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर दोघांनी तो कॉर्नरबॅक एकसारखा वाचायला हवा, तोही पळता पळता. एकानं ‘सरळ’ वाचलं आणि दुसऱ्यानं ‘थांब’, तर बॉल मोकळ्या जागेत पडतो किंवा डिफेन्सच्या हातात. सप्टेंबरातली पुष्कळ इंटरसेप्शन्स अशीच असतात. कुणाच्याच हाताचा दोष नसतो.

नवा ऑफेन्स आणि जुना क्वार्टरबॅक असेल तर दुसरं वर्ष हे खरं वर्ष. काइल शॅनहन कोऑर्डिनेटर म्हणून २०१५ मध्ये अटलांटात आला. टीमनं पहिले पाच सामने जिंकले, चाहते हवेत गेले आणि शेवट ८-८ झाला. मॅट रायनची त्या वर्षी १६ इंटरसेप्शन्स होती. २०१६ मध्ये तोच क्वार्टरबॅक, तोच कोऑर्डिनेटर, लाइनमधले पाच जण पहिल्या सामन्यापासून शेवटपर्यंत तेच. ३३९ पॉइंट्सचे ५४० झाले, इंटरसेप्शन्स सातवर आली आणि रायन एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) ठरला. आधीच्या वर्षी डिसेंबरात ‘ही पद्धत इथे चालणार नाही’ म्हणणारे कमी नव्हते.

नवशिक्याचं गणित सांगणं अवघड. गॉफ २०१६ मध्ये सात सामने खेळला आणि सातही हरला. पुढच्या वर्षी नव्या कोचच्या हाताखाली २८ टचडाउन, ७ इंटरसेप्शन्स. जेडन डॅनियल्सला मात्र पहिल्याच वर्षी जमलं आणि वॉशिंग्टन ४-१३ वरून १२-५ वर गेली. त्याच्यासाठी कोऑर्डिनेटर क्लिफ किंग्सबरीनं ऑफेन्स शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे) ठेवला, वेग वाढवला आणि त्याच्या पायांना मोकळीक दिली. नवशिक्याच्या बाबतीत ‘तो पद्धतीत बसेल का’ यापेक्षा ‘पद्धत त्याच्याकडे किती सरकली’ हा प्रश्न जास्त कामाचा. आणि सगळ्यात संयम शिकवणारा आकडा सॅन फ्रान्सिस्कोचा: बिल वॉल्श आल्यावर १९७९ मध्ये २-१४, १९८० मध्ये ६-१०, १९८१ मध्ये १३-३ आणि विजेतेपद. जो माँटाना १९७९ पासून टीममध्ये होता. आजच्या मालकांनी वॉल्शला तिसरं वर्ष दिलं असतं का, याची आम्हाला शंका आहे.

प्रश्न: प्रत्येक सॅकनंतर घरात भांडण होतं: लाइनचा दोष की क्वार्टरबॅकचा?

भांडण मिटवायला तीन कसोट्या देतो.

वेळ: स्नॅपपासून अडीच सेकंदांच्या आत सॅक झाला तर बहुधा लाइन. साडेतीनच्या पुढे गेला तर बहुधा क्वार्टरबॅक, किंवा कुणीच मोकळं न होऊ शकलेले रिसीव्हर. मधल्या सेकंदात वाद घाला.

मोजणी: पाच लाइनमन आणि एक रनिंग बॅक, म्हणजे अडवणारे सहा. सात जण आले तर सातवा कुणाचाच नाही, तो क्वार्टरबॅकचा. त्यानं तो आधी ओळखून ‘हॉट’ (अशा वेळी झटपट पास घ्यायला ठरलेल्या) रिसीव्हरकडे बॉल लगेच द्यायचा असतो. सात आले आणि सॅक झाला, तर राइट टॅकलला शिव्या देऊ नका.

खोली: टॅकलचं अडवणं हे क्वार्टरबॅक सात-आठ यार्ड मागे असेल या अंदाजानं आखलेलं असतं. तो बिचकून दहा यार्ड मागे सरकला की कडेच्या रशरला वळावंच लागत नाही, सरळ रेषेत रस्ता मिळतो. कॉलेजात पळून सुटका करून घ्यायची सवय लागलेल्या क्वार्टरबॅकमध्ये हा दोष फार दिसतो.

आकडाच हवा असेल तर दबाव आलेल्या किती वेळा सॅक झाला ते बघा. साधारण पाचात एक हे सर्वसामान्य, चारात एकाच्या पुढे गेलं की क्वार्टरबॅककडे बोट वळतं. क्वार्टरबॅकची टीम बदलली तरी हा आकडा बराचसा तसाच राहतो, त्यामुळे बाहेरून आणलेल्या खेळाडूचा जुना आकडा आजच शोधता येईल. दोष दोन्हीकडचा असतो तेव्हा मात्र परिस्थिती विदारक होते: डेव्हिड कार २००२ मध्ये ह्यूस्टनच्या अगदी नव्या टीमसाठी ७६ वेळा सॅक झाला, केलेब विल्यम्स २०२४ मध्ये शिकागोत ६८ वेळा.

प्रश्न: प्रीसीझनमध्ये पहिल्या फळीला खेळवावं की जपावं?

ऑफेन्स जुना असेल तर जपा. मॅक्व्हेंच्या रॅम्सनं वर्षानुवर्षं हेच केलंय. ऑफेन्स नवा असेल तर दोन-तीन सीरिज, म्हणजे पंधरा-वीस स्नॅप्स तरी हवेत. हडल, रेडिओ, घड्याळ आणि झेंडे यांची सवय सरावाच्या मैदानावर पूर्ण लागत नाही. धोका खरा आहे. मिनेसोटाचा जे. जे. मॅकार्थी २०२४ च्या पहिल्याच प्रीसीझन सामन्यात गुडघा दुखावून अख्ख्या सीझनला मुकला. पण खेळाडू सप्टेंबरातही जायबंदी होतोच. २०२३ मध्ये न्यू यॉर्क जेट्सचा अॅरन रॉजर्स सीझनच्या चौथ्या स्नॅपलाच जखमी होऊन बाहेर पडला.

दोन टीम्सचा एकत्र सराव होत असेल तर त्याचे वृत्तांत सामन्यापेक्षा लक्ष देऊन वाचा. तिथे पहिली फळी पहिल्या फळीशी भिडते आणि थर्ड डाउन, रेड झोन (गोललाइनआधीचे वीस यार्ड), शेवटची दोन मिनिटं असे प्रसंग ठरवून पुन्हा पुन्हा खेळता येतात. गोंगाटाची परीक्षा मात्र ना तिथे होते, ना अर्ध्या रिकाम्या ऑगस्टच्या स्टेडियमात. बाहेरच्या मैदानावर आवाजामुळे क्वार्टरबॅकची हाक ऐकू येत नाही. मग गार्ड मागे वळून बघतो, सेंटरला थाप देतो आणि ठरलेल्या तालावर स्नॅप होतो. हे पहिल्यांदा दिसेल ते सीझनच्या पहिल्या बाहेरच्या सामन्यात, आणि टॅकलची फॉल्स स्टार्ट्सही तिथेच.

प्रश्न: पहिल्या चार सामन्यांनंतर कोणते आकडे बघून ठरवावं? पासर रेटिंग पुरे का?

पासर रेटिंगची कमाल १५८.३ आहे आणि चार-पाच पासांत तिथे पोचता येतं, यातच काय ते आलं. त्यात सॅक नाहीत, पळून काढलेले यार्ड नाहीत.

आम्ही आधी ‘सक्सेस रेट’ बघतो, कारण नवा ऑफेन्स नीट बसतोय की नाही ते तो सगळ्यात लवकर सांगतो. पहिल्या डाउनला लागणाऱ्या यार्डांपैकी ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर प्ले यशस्वी, नाहीतर नाही. पहिल्या डाउनला चार यार्ड म्हणजे यशस्वी, तीन म्हणजे अयशस्वी. कागद-पेन घेऊन घरी मोजता येतं. एका सामन्यात ६०-६५ प्लेज असतात, चार सामन्यांत अडीचशे. शंभरात चाळीस-पंचेचाळीस यशस्वी म्हणजे लीगच्या मध्यावर. रन आणि पास वेगळे मोजा आणि सामन्याचा निकाल लागल्यावरचे चौथ्या क्वार्टरमधले प्लेज सोडून द्या.

त्यासोबत दर पासमागे यार्ड. सात म्हणजे सर्वसाधारण, साडेसातच्या पुढे चांगलं, सहाच्या खाली असेल आणि पास मात्र ७० टक्के पोचत असतील, तर ऑफेन्स भित्रेपणानं छोटे-छोटे पास टाकतोय. थर्ड डाउनचा टक्का चार सामन्यांत फार हलतो. पन्नासच प्रयत्न असतात, पाच इकडचे तिकडे झाले की दहा टक्क्यांचा फरक पडतो. त्याच्यावरून कोऑर्डिनेटरला घालवायची मागणी करू नका. थर्ड डाउनला सरासरी किती यार्ड बाकी होते ते मात्र बघा. सहाच्या आसपास असेल तर नवा क्वार्टरबॅक तग धरेल. आठच्या पुढे असेल तर चूक पहिल्या दोन डाउनांत आहे, आणि ती सुधारायची जबाबदारी कोऑर्डिनेटरची.

प्रश्न: दोन क्वार्टरबॅक ठेवावेत की तीन?

तीन. २०२३ पासून ५३ जणांच्या यादीतला तिसरा क्वार्टरबॅक सामन्याच्या दिवशी एकही जागा न अडवता राखीव ठेवता येतो. पहिले दोघे जायबंदी झाले किंवा पंचांकडून बाहेर काढले गेले तरच तो उतरू शकतो. जानेवारी २०२३ च्या एनएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले, त्यानंतर हा नियम आला. तुमचा पहिला क्वार्टरबॅक पळणारा असेल तर दुसरा निवडताना एक पथ्य पाळलेलं हवं: त्याच्यासाठी अर्धं प्लेबुक बदलावं लागू नये. कॅम्पमध्ये दुसरा आणि तिसरा एकाच पद्धतीचे प्लेज चालवतायत का ते बघा. दुसऱ्याबरोबर खेळताना ऑफेन्स अचानक शॉटगन सोडून सेंटरच्या मागे जात असेल, तर एका जखमेनंतर तुमची टीम ऑक्टोबरात नव्यानं ऑफेन्स शिकत बसेल.